पान दोनशे अकरावरचा टोमॅटो

पॉइंट नार्सिस, लुइझियाना
बुधवार, ५ ऑक्टोबर २०११

नेलविन,

काल, मंगळवार, ४ ऑक्टोबर रोजी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, तू आपल्या मेलेल्या आईच्या हातून गम्बोच्या रश्श्यात डब्यातला टोमॅटो घातलास. पान दोनशे अकरा, वरून सहावी ओळ. वेळ अचूक आहे, कारण मी पुस्तक मिटलं आणि लगेच घड्याळ पाहिलं. चौतीस वर्षं कोर्टात बसून लोकांचे जबाब टिपले की गुन्हा घडल्यावर आधी घड्याळ बघायची सवय लागते.

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. विचार करून गाळलं आहे. सहा वर्षं नऊ महिने तुझं पत्र नाही, माझंही नाही, आणि आता तू मिनेसोटात बसून तीनशे चार पानांची भुताची कादंबरी लिहितेस आणि ती मला व्हर्ना दूसेकडून मागून वाचावी लागते. व्हर्नाकडून. तिने कोपरे दुमडले आहेत आणि चाळिसाव्या पानावर लोणी सांडलं आहे.

तुझी नोरा खाणावळ चालवते. तिने तेलात पीठ परतायला घेतलं आणि ते जुन्या तांब्याच्या रंगावर आलं, की चुलीशेजारच्या स्टुलावर तिची मेलेली आई येऊन बसते. इथवर मला मान्य आहे. आपली आई मेल्यावर कुठे जाईल असं मला कुणी विचारलं असतं, तर मीही तोच स्टूल दाखवला असता. पण ती सपाता घालून येते? आईने घरात कधी पायात काही घातलं होतं का? आणि ‘ऊ ला ला’ म्हणते? आपल्याकडे ‘ऊ ला ला’ फक्त जाहिरातीतली माणसं म्हणतात.

आता मिस ओफेलिया. निवृत्त कोर्टलेखनिक, चष्म्याला साखळी, पाद्र्याचं लॅटिन सुधारते, जोगिणींच्या शाळेत शिकल्याचं दर तीन पानांनी सांगते. ही कोण, हे मी विचारत नाही. पण नव्वदाव्या पानावर तुझा शेरीफ तिचं नाव संशयितांच्या यादीतून काढतो, कारण ‘खून करायला लागते तेवढी कल्पनाशक्ती या बाईंकडे नाही.’ नेलविन, मी खुनाचे एकोणीस खटले टिपले आहेत. त्यातल्या एकालाही कल्पनाशक्ती लागली नव्हती. मला खुनी केलं असतंस तर मी तक्रार केली नसती.

न्याय म्हणून हेही लिहिते की गुन्हेगार मला दोनशे अडुसष्टाव्या पानापर्यंत ओळखता आला नाही. गम्बोच्या स्पर्धेचा परीक्षक पहिला घास घेतो आणि ताटातच कोसळतो. आई हंडीत डोकावते आणि म्हणते, “याला तार सुटलीय.” फिले, ती रस्सा दाट करायची पानांची पूड, हंडी खाली उतरवल्यावरच घालायची, चुलीवर उकळली की तार सुटते, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे हात परगावच्याचा. हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. चांगलं आहे ते.

मग जिला इतकं कळतं ती टोमॅटो घालेल? टोमॅटो न्यू ऑर्लिन्सवाले घालतात. त्यांना परमेश्वर बघून घेईल.

शेवटची बाब. आई सगळ्या गावाशी बोलते. शेरीफशी, पाद्र्याशी, मांजराशीसुद्धा. फक्त स्वतःच्या लेकीशी बोलत नाही. नोरा समोर उभी असते आणि आई तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहते. हे तू कुठून आणलंस मला कळत नाही. शेवटी छापलं आहे की वसंतात दुसरा भाग येणार आणि त्यात भूत कायमचं निघून जाणार. तिला अशी अबोलच घालवणार आहेस?

मला पुढच्या आवृत्तीतून टोमॅटो गेलेला हवा, आणि जाण्याआधी आईने लेकीशी बोललेलं हवं. काय ते लेखी कळव.

तुझी बहीण, आणि विसरली असशील तर तुझी नॅनॅन, तुझी धर्ममातासुद्धा, कारण बाप्तिस्म्याला तुला मीच हातात धरलं होतं,
ओडील


शुक्रवार, १४ ऑक्टोबर २०११

नेलविन,

तुझं कार्ड मिळालं. दीपगृहाचं चित्र सुरेख आहे. मागे तीन वाक्यं आहेत आणि आणखी निदान सहा मावली असती.

“ओडील, ही कादंबरी आहे, शपथपत्र नाही. टोमॅटो राहील. आई दाराकडे का बघते ते तूच मला सांगितलं होतंस.”

पहिल्या वाक्याला माझं उत्तर असं की कादंबरीतसुद्धा सूर्य पश्चिमेला उगवत नाही. दुसऱ्याला उत्तर देण्यासारखं काही नाही, तो हट्ट आहे आणि तो तुला लहानपणापासून आहे. तिसरं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. त्यावर आज लिहीत नाही. थडग्यांना चुना लावायचे दिवस जवळ आले आहेत, हजार कामं आहेत.

इथे तुझ्या पुस्तकामुळे काय चाललं आहे ते मात्र कळवायला हवं, कारण दुसरं कुणी कळवणार नाही. ग्रंथालयात तीन प्रती आहेत आणि यादीत बेचाळीस नावं. फादर एबेरनी एका बैठकीत वाचून काढलं, आणि शनिवारी पापं सांगायला आलेल्या लोकांना वीस मिनिटं बाहेर ताटकळत ठेवलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मिस ओडील, प्रेत नुकतंच सापडलं होतं हो.” चर्चच्या पायऱ्यांवर जो तो दुसऱ्याला सांगतो की पुस्तकातला अमुक म्हणजे तूच. कुणालाच वाईट वाटलेलं नाही. ज्यांना तू घेतलं नाहीस ते रुसले आहेत.

काल खाटकाकडे सॉसेज घ्यायला गेले. लेस्टर, तुझ्या वर्गातला, सुरी पुसत म्हणाला, “या मिस ओफेलिया. आज कुणाचा नंबर?”

मी म्हटलं, “लेस्टर, माझं नाव तुला साठ वर्षं माहीत आहे.”

“माहीत आहे हो. पण ही बाई जास्त आवडते आम्हाला. पुस्तकात तिला कुणी घाबरत नाही.”

रांगेतले सगळे हसले. मी हसले नाही. पण सॉसेज त्याने जास्त दिलं आणि मी ते घेतलं, हे नोंदवून ठेवते.

मंगळवारी वाचनमंडळात तुझ्या पुस्तकावर चर्चा आहे. व्हर्नाने ठरवलं आहे की मी तक्रारदार. मी मुद्दे काढले आहेत, टोमॅटो पहिला. बैठकीचा शब्दन्‌शब्द टिपून तुला पाठवीन, म्हणजे मी वाढवून सांगितलं असं म्हणायला जागा राहणार नाही. तोवर टोमॅटोबद्दल फेरविचार कर.

ओडील


बुधवार, १९ ऑक्टोबर २०११

नेलविन,

कबूल केल्याप्रमाणे बैठकीतला उतारा पाठवते आहे. एकही शब्द बदललेला नाही. बदलायचा मोह झाला होता.

हजर: व्हर्ना, फादर एबेर, ग्रंथपाल, इतर अकरा, आणि मी. चहा आणि व्हर्नाचा अंजिराचा केक. मी पहिला मुद्दा वाचून दाखवला.

व्हर्ना: थांब गं जरा. टोमॅटोचं बरोबर लिहिलंय पोरीने.

मी: काय बरोबर लिहिलंय?

व्हर्ना: घालायची युजेनी.

मी: व्हर्ना, तू ब्याऐंशी वर्षांची आहेस.

व्हर्ना: म्हणून तर सांगतेय, बाकीचे मेले की. तू तेव्हा कोर्टात टकटक करत होतीस. तुझा बाप गेला आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, माझ्या शेजारच्या चुलीवर. टोमॅटोचे सरकारी डबे यायचे, हे एवढाले. उरलेला घरी न्यायची. एका कोंबडीत आठवडा काढायचा, तर हंडी वाढवायला काहीतरी नको का?

मी: मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी जेवत होते. एकदाही कधी…

व्हर्ना: अगं तू यायचीस म्हणून तर त्या दिवशी अख्खी कोंबडी पडायची. तुझी बस गेली की सोमवारी डबा उघडायचा. वर पोरीला दटावायची, नॅनॅनला सांगशील तर बघ. भ्यायची ती तुझ्या तोंडाला.

मी: आई मला भ्यायची?

व्हर्ना: आम्ही सगळेच भितो की.

(फादर एबेर खोकले. ग्रंथपालांनी केक फिरवला.)

उतारा इथे तोडते. मी एकोणीस वर्षांची असताना घरून निघाले आणि पगारातून घरी पाठवत गेले, आणि घर नीट चाललं आहे अशी माझी समजूत होती. दर पहिल्या रविवारी ताटात अख्खी तंगडी असायची, मग समजूत का होणार नाही? तू आठ वर्षांची होतीस. बाकीचे दिवस काय जेवत होतीस ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस, आणि बावन्न वर्षं सांगितलं नाहीस. परवाच्या कार्डावरसुद्धा ‘टोमॅटो राहील’ एवढंच लिहिलंस. आईला दिलेला शब्द म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्यास. मी तुला पान दोनशे अकराबद्दल गुन्हेगार ठरवलं होतं. ते मागे घेते. लेखी.

उरलेलं टाळायचं ठरवलं होतं, पण उतारा अर्धा पाठवायचा नसतो.

व्हर्ना: माझा एक प्रश्न आहे. ते भूत पोरीशीच का बोलत नाही? युजेनी तर भिंतीशीही बोलायची. मेल्यावर गप्प बसेल ती?

फादर एबेर: मलाही तेच खटकलं. आणि ती सारखी दाराकडे का बघते?

व्हर्ना: ओडील, शेवटी तूच होतीस ना तिच्यापाशी? तुला माहीत असेल.

मी: वेळ संपली आहे.

पंधरा मिनिटं शिल्लक होती. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं.

घरी आले आणि हंडी चढवली. डब्यातला टोमॅटो घातला. तो विकत घेताना दुकानातल्या मुलीला सांगितलं की शेजारणीसाठी आहे. सांजवेळेला जेवले. आंबटसर लागतं, आणि भात जरा जास्त जातो. दोन वाडगे खाल्ले. याहून जास्त मी लेखी देणार नाही.

ओडील


शुक्रवार, २१ ऑक्टोबर २०११

नेल,

हे पत्र मी सकाळपासून चौथ्यांदा सुरू केलं आहे, आणि आधीच्या तिन्हींत प्रस्तावना फार होती.

गुरुवार, २० जानेवारी २००५, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, दफनभूमीत, थडग्याचं तोंड बंद होत असताना तू पोचलीस. बर्फाच्या वादळात तीन दिवस विमानतळावर अडकून आली होतीस आणि तुझ्या पायांत इस्पितळातल्या नोकरीचे पांढरे बूट होते. सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला म्हणाले, “शेवटच्या श्वासापर्यंत ती दाराकडे बघत होती.” तू दुपारच्याच बसने गेलीस.

ते खोटं होतं.

खरं काय घडलं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. औषधांच्या वेळा टिपून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून उशाशी वही होती, आणि हातात वही असली की मला समोरच्या माणसाचं बोलणं टिपल्याशिवाय राहवत नाही. वही कपाटात होती. आज काढली. लघुलिपीतून जसंच्या तसं उतरवते आहे.

सोमवार, १७ जानेवारी २००५. दुपारी दोन चाळीस.

आई: नेलचा फोन आला?

मी: आला. विमानं बंद आहेत. तिकडे बर्फ पडतोय.

आई: मग तिला म्हणावं घाई करू नकोस. मी कुठे पळून चाललेय?

मी: तू वाट बघतेयस का तिची?

आई: वाट कसली बघायची? हरवलीय का ती? असेल कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईपाशी बसलेली. बसू दे. चांगलं बसता येतं तिला. मला तिने लहानपणी गोवर झाला तेव्हा हसवलं होतं, ठाऊक आहे ना? गोवर तिला झाला होता आणि हसवत मला होती.

मी: पडून राहा आता.

आई: पडलेलीच आहे. तो पडदा ओढ, डोळ्यांवर ऊन येतंय. राहू दे, मीच वळते. आणि ओडील, तूसुद्धा ऊठ जरा. बागेत जाऊन ये. अकरा महिने बसून तोंड लोणच्यासारखं झालंय तुझं.

एवढंच. ती कुशीवर वळली. पलंग कसा होता ते तुला आठवेल: कुशीवर वळलं की दाराकडे पाठ येते. मी बागेत गेले नाही. तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी ती झोपेतच गेली. तिने दाराकडे एकदाही बघितलं नाही, नेल, कारण तिथून कुणी यायचं राहिलंय असं तिला वाटतच नव्हतं.

मी तसं का म्हणाले याचं कारण द्यायला हवं. अकरा महिने मी तिला भरवलं, पुसलं, उचललं, आणि तिच्या तोंडी नाव तुझं. तेही गोड. माझ्या वाट्याला लोणचं. तू पांढऱ्या बुटांत धापा टाकत आलीस आणि सगळे तुझ्याकडे वळले, आणि मला वाटलं की हिलाही काहीतरी बोचायला हवं. कारण म्हणून हे फार लहान आहे, मला कळतं. एकोणीस खटल्यांतली कारणंही अशीच होती. चौतीस वर्षं मी परक्यांच्या जबाबातला स्वल्पविराम हलवला नाही, आणि घरातला एकच जबाब माझ्याकडे होता, तो मी बदलला.

मग तू त्या एका वाक्यावर भूत उभं केलंस. तीनशे चार पानं ते दाराकडे बघत बसलं आहे आणि तू चुलीपाशी उभी आहेस. पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हाच मला हे ठाऊक होतं. म्हणून मी सपाता आणि ‘ऊ ला ला’ आणि टोमॅटो इतक्या जोरात लिहिला. सहा वर्षं नऊ महिने आणि वर तीन पत्रं एवढा वेळ मला लागला, हे तुझ्या लक्षात येईलच.

वरचा उतारा तुझा आहे. दुसऱ्या भागात वापर, स्वल्पविरामासकट वापर. आता तिला काय बोलायचं ते तुला सुचवायला नको. आणि मिस ओफेलियाला खुनी करायचं असेल तर माझी परवानगी आहे. खुनाचं कारण तयारच आहे.

रविवारी, ३० तारखेला, सकाळी आठला मी थडग्याला चुना लावणार आहे. मंगळवारी, सर्व संतांच्या दिवशी, दुपारी दोनला फादर एबेर पाणी शिंपडायला येतील. माझा उजवा खांदा वर जात नाही. दरवर्षी वरचा भाग लेस्टर करून देतो आणि ओघळ ठेवतो, आणि आई ते ओघळ घेऊन वर्ष काढते. तुझी उंची माझ्याहून जास्त आहे. तुझी जुनी खोली झाडली आहे, पण त्यावरून कुठलाही अंदाज बांधू नकोस, मी ती दरवर्षी झाडते.

येणार की नाही ते लेखी हवं. फोन करू नकोस. फोनवर मी वाद घालीन आणि तू खरंच फोन ठेवशील. उत्तर ‘येते’ असं असेल तर तेवढा एक शब्द पुरे, दीपगृहाच्या कार्डावरही चालेल. ‘येत नाही’ असं असेल तर कारणं सविस्तर लिहावीत, कागदाच्या दोन्ही बाजूंना, खाली सही करून. ती सगळी मी वाचीन आणि एकाचंही खंडन करणार नाही. टपालकचेरी शनिवारी दुपारी बाराला बंद होते. तुझं उत्तर शनिवार, २९ ऑक्टोबर २०११, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. मी अकरापासून खिडकीपाशी उभी असेन.

ओडील